नाताळ जड जातो तेव्हा: आगमनकाळापासून ६ जानेवारीपर्यंत काय करावं

घरातलं माणूस गेलेलं असेल, आजारपण लांबलेलं असेल, नात्यात अबोला असेल किंवा नोकरी सुटलेली असेल, तर डिसेंबर जवळ आला की पोटात गोळा येतो. गाणी तीच वाजतात, चर्चच्या दारात सगळे हसून हात मिळवतात आणि ‘मग, यंदा काय विशेष?’ या साध्या प्रश्नालाही उत्तर सुचत नाही. ख्रिस्ती माणसाच्या डोक्यावर त्यात आणखी एक ओझं असतं: विश्वास आहे, मग आनंद का होत नाही?

हे ओझं आधी खाली ठेवा. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (८:२४-२५) आशेबद्दल लिहितो तेव्हा तो मनाला कसं वाटतं याविषयी बोलतच नाही. जे दिसत नाही त्याची धीराने वाट पाहणं, एवढंच तो सांगतो. वाट रडतही पाहता येते आणि थकून पडल्या पडल्याही. खालचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे: आनंद ओढून आणायचा नाही, वाट पाहण्याची शिस्त धरायची. आनंद आला तर तो त्या वाटेवरच भेटतो.

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा वाट पाहण्याचा काळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. तिथून सुरुवात झाली तर उत्तम. उशीर झाला असेल तर ज्या दिवशी हे वाचताय तिथून धरा. मागचं भरून काढायचा प्रयत्न मात्र करू नका. थकलेल्या माणसाला तेवढंच निमित्त पुरतं सोडून द्यायला.

पहिलं काम: दुखणं एका वाक्यात लिहा

‘यंदा मन लागत नाही’ हे पुरेसं नाही. ‘आईशिवायचा हा पहिला नाताळ आहे.’ ‘मुलगा घरी येणार नाही आणि लोक त्याच्याबद्दल विचारतील.’ ‘हप्ते थकलेत आणि पाहुण्यांसमोर ते दिसेल.’ असं नेमकं लिहा. कारण उपाय वेगवेगळे असतात. शोक असेल तर आठवणीला जागा द्यावी लागते, नातं तुटलेलं असेल तर भेटींचं नियोजन करावं लागतं, पैशाची चणचण असेल तर आकडा ठरवावा लागतो. सगळं एकत्र कालवलं की प्रार्थनाही धूसर होते.

इथेच एक गोष्ट तपासून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, साध्या कामातही लक्ष लागत नाही, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटं राहू नका आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेशी संपर्क साधा. यात विश्वासाची हार नाही. एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितलं (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाशी बोलणं झालं ते चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: झोप, अन्न, मग बाकीचं.

दुसरं काम: तक्रार देवासमोर मांडा, नीट रचून

सणाच्या दिवसांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. लोक थेट ‘प्रभू, तुझे आभार’ वर उडी मारतात आणि मग प्रार्थना घशात अडकते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढिगाने आहेत, आणि ती आपल्याच वापरासाठी आहेत. स्तोत्र १३ त्यातलं सगळ्यात सोयीचं, कारण ते अवघ्या सहा ओव्यांचं आहे आणि त्याचे तीन भाग सहज दिसतात. ओवी १-२ मध्ये तक्रार, त्यात ‘कुठवर’ हा सवाल चार वेळा. ओवी ३-४ मध्ये मागणी. ओवी ५-६ मध्ये भरवसा.

एक कोरा कागद घ्या आणि त्याचे तीन भाग करा. पहिला भाग सगळ्यात मोठा ठेवा, निम्मा कागद. त्यात देवालाच उद्देशून लिहा, त्याच्याबद्दल नव्हे. उदाहरणार्थ, पती गमावलेली स्त्री असं लिहील: ‘प्रभू, कुठवर? रात्री तीनला जाग येते आणि हात आपोआप पलंगाच्या त्या बाजूला जातो. लोक म्हणतात, ते तुझ्याजवळ सुखात आहेत. मला ते इथे हवे होते. कपाटात त्यांचा कोट अजून तसाच आहे. तो मी कुणाला देऊ?’ दुसऱ्या भागात एकच मागणी, आणि ती लहान: ‘रविवारी चर्चमध्ये शेवटपर्यंत बसायचं बळ दे.’ तिसऱ्या भागात भरवशाचं एक वाक्य. ते खरं असेल तरच लिहा. नसेल तर त्या जागी लिहा: ‘हे वाक्य मला अजून म्हणता येत नाही.’ कागद फेकू नका, पवित्र शास्त्रात ठेवा आणि दर रविवारी फक्त तिसरा भाग पुन्हा वाचा. एखाद्या आठवड्यात त्यात शब्द येतील.

तिसरा भाग कोराच राहिला तर? स्तोत्र ८८ उघडा. ते अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरीही ते शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं उपासनेत म्हटलं गेलं आहे. विश्वास टिकून असल्याची खूण त्यात एवढीच की तो माणूस अजून देवाशीच बोलतोय.

‘शोक करणं म्हणजे अविश्वास’ असं कुणी ऐकवलं तर थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१३ नीट वाचावं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो. शोकच करू नका, असं नाही. आणि मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडलाच.

चार मेणबत्त्या आणि रोजची पंधरा मिनिटं

आगमनकाळाचं चक्र म्हणजे चार मेणबत्त्यांची गोल मांडणी, दर रविवारी त्यातली एक जास्त लावायची. तिचा उगम वाट पाहण्याच्या याच मुद्द्याला धरून आहे. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न हे पाळक निराधार मुलांसाठी एक गृह चालवत होते. नाताळ कधी येणार याची वाट पाहणाऱ्या त्या मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची लहान आणि रविवारची मोठी. पुढे घराघरांत त्यातल्या चार रविवारच्या मेणबत्त्या उरल्या. म्हणजे ज्यांचं घर मोडलं होतं अशांसाठी ही रीत निघाली. सजलेल्या घराची ती मिरवणूक नाही. चक्र विकत घ्यायची गरज नाही. एका ताटलीत चार साध्या मेणबत्त्या पुरतात. ताटली न जळणारी असावी, पडद्यापासून लांब ठेवावी आणि खोलीतून उठताना मेणबत्ती विझवावी.

रोज एकच ठरावीक वेळ धरा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी उदासी वाढते असा बहुतेकांचा अनुभव असतो, म्हणून तीच वेळ घेतलेली बरी. दोन मिनिटं काहीही न बोलता बसणं. पाच मिनिटं शास्त्रपाठ, शक्यतो मोठ्याने. तीन मिनिटं त्यातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा, श्वासाबरोबर. पाच मिनिटं प्रार्थना, त्यातली शेवटची दोन दुसऱ्या कुणासाठी तरी. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पाठ कमी ठेवा. एक उतारा आठवडाभर वाचला तरच तो आत उतरतो. रोज नवा अध्याय घेतला की नुसता वाचल्याचा हिशेब राहतो. पहिल्या आठवड्यात यशया ९:२-७, अंधारात चालणाऱ्या लोकांना उजेड दिसला तो भाग. दुसऱ्यात विलापगीत ३:१९-२६. उद्ध्वस्त यरुशलेमेत कडू आठवणी उगाळत असतानाच लेखक ‘हे मी ध्यानात आणतो’ म्हणून वळण घेतो. त्याची परिस्थिती तसूभर बदललेली नसते. तिसऱ्यात हबक्कूक ३:१७-१९, जिथे अंजीर फुलत नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत आणि तरीही कवी आनंद करायचं ठरवतो. त्याची यादी वाचून स्वतःची यादी करा: काय काय रिकामं आहे ते सगळं. चौथ्यात लूक १:३९-५५. येशूची आई होणार असलेली मरीया एकटी न बसता आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे जाते आणि सुमारे तीन महिने तिथे राहते, हा तपशील मरीयेच्या गीतापलीकडे, ५६ व्या ओवीत आहे. तो सहसा वाचायचा राहून जातो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पंधराच मिनिटं. तीस नाही.

आमंत्रणं, गाठीभेटी आणि रिकामी खुर्ची

डिसेंबरची सगळी निमंत्रणं एका कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: जाणार, थोडा वेळ जाणार, नाही. ‘बघू’ ही खूण ठेवू नका. मन सगळ्यात जास्त शिणतं ते तिच्याने. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती ते आधीच ठरवा, समजा पाऊण तास, आणि पोहोचल्यावर लगेच यजमानांना सांगा: ‘मी आठ वाजता निघेन बरं का.’ आधी सांगितलं की निघताना समजावत बसावं लागत नाही. स्वतःचं वाहन किंवा परतीची सोय हाताशी असू द्या.

नकार दोन वाक्यांत द्या. ‘बोलावलंत, बरं वाटलं. यंदा मला शांत राहायचंय, जानेवारीत मात्र नक्की भेटू.’ लांबलचक कारणं दिली की समोरचा ती एकेक करून खोडत बसतो. पण सगळ्यांनाच नकार देऊ नका. एकटेपणा सुरुवातीला आरामाचा वाटतो आणि आठ-दहा दिवसांत तोच गळा धरतो. आठवड्यातून किमान दोन वेळा माणसात जाणं व्हावं, त्यातली एक वेळ रविवारची उपासना.

घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ असेल, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घरच्यांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. त्यांची जागा रिकामी ठेवायची, तिथे दुसऱ्याने बसायचं, की बसायची मांडणीच बदलायची? त्यांचं नाव जेवणाआधीच्या प्रार्थनेत कोण घेणार? आणि जे काम ते करायचे, म्हणजे तारा लावणं, मुलांना ख्रिस्तजन्माचा पाठ वाचून दाखवणं, ते यंदा कोण करणार की ते यंदा होणारच नाही? हे बोलणं अवघड जातं. पण न बोलता तो दिवस आला, तर जो तो दुसऱ्याला सांभाळण्यासाठी गप्प राहतो आणि टेबलावर त्यांचं नावच निघत नाही. ते जास्त बोचतं. मुलांना या बैठकीतून वगळू नका. त्यांना सगळं कळत असतं.

तुटलेल्या नात्याचं वेगळं आहे. नाताळच्या जेवणाच्या टेबलावर समेट घडवायला जाऊ नये. सगळे थकलेले असतात, प्रेक्षक जास्त असतात आणि जुनं उकरायला एक शब्द पुरतो. दोन ओळींचं पत्र किंवा संदेश पाठवा, उत्तराची अट न घालता. रोमकरांस १२:१८ मध्ये पौल ‘साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं’ असं म्हणूनच शांतीची गोष्ट काढतो. दुसऱ्या बाजूची जबाबदारी तो तुमच्यावर टाकत नाही. जिथे मारहाण किंवा छळ झालेला आहे तिथे सणाच्या नावाखाली परत जाऊ नका. क्षमा आणि सुरक्षित अंतर एकाच वेळी राहू शकतात.

पैशाचं थोडक्यात: आधी एकूण आकडा, मग यादी. उलटं केलं की उधारी होते. मुलांना खरं सांगा, एकदाच आणि शांतपणे, ‘यंदा भेटवस्तू एकच’ म्हणून.

उपासनेत बसणं

नाताळची उपासना टाळावीशी वाटते ती बहुधा गाण्यांमुळे. शब्दांनी शंका उभी करण्याआधीच सूर डोळ्यांत पाणी आणतो. त्याची तयारी करता येते. मागच्या बाजूला, कडेची जागा घ्या. शेजारी कोण बसणार ते आधी ठरवा आणि त्यांना सांगून ठेवा की मध्येच उठले तर मागे येऊ नका, पाच मिनिटांत परत येईन. गाता आलं नाही तर गाऊ नका. बाकीचे गातात ते तुमच्याही वतीने गातात. मंडळी म्हणजे तरी दुसरं काय? प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, असेल तर त्यासाठी तरी थांबा, कारण तिथे काही वाटावं लागत नाही, फक्त हात पुढे करायचा असतो.

काही मंडळ्यांमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना होते. तुमच्याकडे नसेल तर पाळकांना विचारा. नाहीतर घरी तीन-चार जण मिळूनही ती करता येते. अर्ध्या तासाहून लांबवू नका. सुरुवातीला शांतता, मग स्तोत्र १३ किंवा ४२, मग ज्याने त्याने आपल्या माणसाचं नाव किंवा आपलं दुखणं एका वाक्यात सांगून मेणबत्ती लावायची. त्यावर कुणीही उत्तर द्यायचं नाही, सल्ला तर नाहीच. मग योहान १:१-५ आणि प्रभूची प्रार्थना. शेवटी काहीतरी गरम प्यायला द्या आणि लोकांना रेंगाळू द्या.

२४ आणि २५ डिसेंबर

हे दोन दिवस मोकळे सोडू नका, ठासूनही भरू नका. दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन तुकडे करा आणि प्रत्येकात एकच ठरलेली गोष्ट ठेवा: उपासना, जेवण, एक फोन किंवा भेट. दुपारनंतर, पाहुणे गेले की किंवा एकट्याचं जेवण आटोपलं की, जो खड्डा पडतो त्यासाठी चालायला जाणं आधीच ठरवून ठेवा. दारू आणि समाजमाध्यमं हे त्या खड्ड्यातले दोन सोपे जिने वाटतात, आणि दोन्ही खालीच जातात. आजारी माणसाच्या उशाशी दिवस जाणार असेल तर लूक २:१-२० हळू आवाजात वाचून दाखवा. तेवढी उपासना पुरेशी आहे.

आनंदाचं काय?

फिलिप्पैकरांस पत्रात ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वाक्य आहे (४:४). ते लिहिणारा पौल बेड्यांत होता, हे त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात येतं. आगमनकाळाचा तिसरा रविवार परंपरेने याच वचनाचा असतो, आणि अनेक मंडळ्यांत त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात. म्हणजे वाट पाहणं संपण्याआधीच, मधोमध, आनंदाला एक दिवस दिलेला आहे.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९४३ चा नाताळ बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला. तिथून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कोठडीची आणि आगमनकाळाची तुलना केली: दार बंद आहे आणि ते बाहेरूनच उघडू शकतं. त्याच नाताळसाठी त्यांनी सोबतच्या कैद्यांना म्हणता येतील अशा प्रार्थना लिहून दिल्या. हे दुसरं कमी सांगितलं जातं, पण व्यवहारात तेच जास्त कामाचं आहे. दार आतून उघडत नाही हे मान्य केल्यावर माणूस शेजारच्या कोठडीकडे बघू लागतो.

म्हणून आठवड्यातून एक छोटं काम दुसऱ्यासाठी ठरवा, एका तासात संपणारं आणि नाव घेऊन सांगता येईल असं. एकट्या राहणाऱ्या कुणाला तरी फोन, आजाऱ्याचं औषध आणून देणं, नव्याने शोकात पडलेल्या घराला दोन ओळी. ‘सेवा करून दुःख विसरू’ म्हणून रोज चार कामं अंगावर घेणं मात्र फसतं. दुःख थांबून वाट बघतं आणि जानेवारीत दामदुपटीने वसूल करतं. झोपण्याआधी दिवसातली एक गोष्ट नोंदवा जी चांगली होती, आणि ती बारकाव्यानिशी लिहा. ‘देवाने सांभाळलं’ यापेक्षा ‘दुपारी शेजारची मुलगी न सांगता भांडी घासून गेली’ हे लिहिलेलं बरं. काही न सापडलेल्या दिवशी पान कोरं सोडा.

बाजूला उभे असाल तर

‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘गुरुवारी साडेपाचला येतो, अर्धा तास बसतो’ असं सांगा आणि तसंच करा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. ‘देवाची इच्छा’ आणि ‘यातूनही चांगलंच होईल’ ही वाक्यं खरी असली तरी ती म्हणायचा हक्क ज्याचं दुःख त्याचा आहे. रोमकरांस १२:१५ मध्ये रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितलंय, त्यांचं रडणं थांबवायला नाही.

२६ डिसेंबरनंतर

खरा उतार इथे लागतो. फोन थांबतात, गाणी बंद होतात आणि बाकीच्यांचा सण संपलेला असतो. पण पाश्चात्त्य मंडळीच्या पंचांगात ख्रिस्तजन्माचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. त्यात २६ तारखेला पहिला रक्तसाक्षी स्तेफन आहे आणि २८ तारखेला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं. गव्हाणीला इतकं लागून रक्त आणि आयांचा आक्रोश ठेवणाऱ्या पंचांगाला तुमचं दुःख परकं नाही. २८ तारखेला मत्तय २:१३-१८ वाचा: येशूचं कुटुंब रातोरात मिसरला पळालेलं, आणि लेकरांसाठी रडणारी राहेल, इस्राएलाची पूर्वज आई, सांत्वन नाकारते आहे. मूल गमावलेल्या घराने त्या दिवशी बाळाच्या नावाने मेणबत्ती लावावी, जन्माआधीच गमावलं असेल तरीही.

रोजची पंधरा मिनिटं ६ जानेवारीपर्यंत चालू ठेवा. या दिवसांतला एक पाठ लूक २:२५-३८ असावा. बाळ येशूला मंदिरात भेटलेले शिमोन आणि हन्ना, दोघंही म्हातारे. हन्ना तर लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झालेली. शिमोन बाळाला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आशीर्वाद आणि तलवार एकाच तोंडून.

६ तारखेला सजावट उतरवताना तो तीन भागांचा कागद काढा आणि मागच्या बाजूला चार गोष्टी लिहा: कशाने धीर आला, कशाने त्रास वाढला, कोण खरंच आलं, पुढच्या वर्षी काय करायचं नाही. कागद मेणबत्त्यांच्या डब्यात ठेवा, नोव्हेंबरअखेर डबा उघडाल तेव्हा तोच आधी हाती लागेल. पाळकांना किंवा समुपदेशकांना भेटायचं असेल तर त्याची वेळही त्याच दिवशी घेऊन टाका, कारण जानेवारी सरता सरता ‘आता बरं आहे’ म्हणून ते राहून जातं.